चाल जपली, वाजवणाऱ्याचे काय?

रायगडच्या किनाऱ्यावरच्या संगीताचा विषय निघाला की दोन वाक्ये हटकून कानावर येतात. एक, ‘ही गाणी लुप्त होत चालली आहेत, ती रेकॉर्ड करून ठेवली पाहिजेत.’ दुसरे, ‘आमच्या गावची पोरे हौसेने वाजवतात, कुणाकडे शिकलेली नाहीत.’ दोन्ही वाक्ये प्रेमाने बोलली जातात आणि दोन्ही उथळ आहेत. पहिल्यात कला म्हणजे गाणे, असे धरून चालले आहे. दुसऱ्यात आयत्या वेळी सुचणे ही देवाची देणगी आहे, तिला कष्ट लागत नाहीत आणि म्हणून मोलही द्यावे लागत नाही, असे धरून चालले आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या पट्ट्यात भजनात, हळदीत, शक्ती-तुऱ्याच्या बारीत जे वाजते, त्याचा प्राण चालीत नाही. तो वाजवणाऱ्याने त्या क्षणी घेतलेल्या निर्णयात आहे. तो निर्णय घेणे हे कसबाचे काम आहे आणि ते कसब त्याच जागी, त्याच माणसांसमोर, वर्षानुवर्षे वाजवून येते. म्हणून चाली जपल्याने ही कला जपली जाणार नाही. वाजवायच्या जागा आणि वाजवणाऱ्याचा दाम राहिला, तरच ती राहील.

१. आयत्या वेळी काय काय ठरते

भजनापासून सुरुवात करू. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो आणि आसपासच्या गावांतली मंडळे पहारे वाटून घेतात. बुवा पेटीवर, बाजूला पखवाजी, मागे टाळ-झांजा घेऊन झील धरणारे. क्रम ठरलेला असतो: रूपाचा अभंग, मग पुढचे अभंग, गौळण, गजर, अखेर भैरवी. नवख्याला वाटते, क्रम ठरला म्हणजे सगळे ठरले. पण पहारा रात्री दोनचा आहे की सकाळी आठचा, समोर जाणकार बसले आहेत की पेंगुळलेली म्हातारी माणसे, आपल्या आधीच्या मंडळाने कोणता राग आळवून ठेवला आहे, यावर बुवा अभंग निवडतो. एका चरणावर किती रेंगाळायचे, कोणता शब्द पुन्हा पुन्हा वेगळ्या अंगाने घ्यायचा, लय केव्हा दुप्पट करायची, हे कुठल्याही वहीत लिहिलेले नसते. पखवाजी हे सगळे बुवाच्या मानेवरून आणि भात्यावरच्या हातावरून ओळखतो. त्या रात्री झील धरायला शेजारच्या वाडीतली पोरे आली असतील तर त्यांना सुरात ओढून आणायचे कामही गाता गाताच करायचे असते.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती जवळून पाहावी. गोळा मळायचा, पाण्याचा हात लावून पुडीवर थापायचा, थाप मारून ऐकायचे, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप, अशा रीतीने खर्ज बुवाच्या पट्टीशी जुळवून घ्यायचा. श्रावणातली खारी, ओली हवा कातडे सैल करते. वर पंखा असला तर कणीक वाळू लागते. अर्ध्या तासापूर्वी लावलेला सूर अभंगाच्या मध्यावर उतरलेला असतो. वादन न थांबवता, कोणत्या दोन चरणांच्या मध्ये गट्ट्यावर हातोडी मारायची हे पखवाजी ठरवतो. श्रोत्यांना यातले काही कळत नाही, आणि ते कळू नये यातच त्याची तयारी आहे.

आता हळद. आगरी-कोळी लग्नात हळदीची रात्र मोठी आणि त्या रात्रीचा कणा म्हणजे बेंजो. हे वाद्य मूळचे इथले नाही. जपानमध्ये १९१२ साली ताइशोगोतो नावाचे कळपट्टीचे तंतुवाद्य तयार झाले, ते हिंदुस्थानात बुलबुलतरंग झाले, आणि मुंबई-कोकणात त्याला पिकअप बसवून ढोल-ताशा, ढोलकी आणि पॅडच्या पुढे उभे केले गेले. बेंजो वाजवणाऱ्यापुढे कागद नसतो. त्याची नजर रिंगणावर असते. नवऱ्यामुलाच्या आत्या-मावश्या रिंगणात उतरल्या की तो चालू गाणे अर्ध्यावर वळवून जुन्या कोळीगीतावर येतो. पोरांचा घोळका आला की लय चढवतो. दोन घोळक्यांत धक्काबुक्कीची चिन्हे दिसली की लय खाली आणतो किंवा सगळ्यांना माहीत असलेले देवीचे गाणे धरतो. त्या रात्री मांडवात भांडण होऊ न देण्याचे बरेचसे श्रेय या माणसाचे असते. हे सलग, न थांबता, तीन-चार तास करायचे. चाली सगळ्यांना पाठ आहेत. कोणती केव्हा आणि किती, हे फार थोड्यांना समजते.

दक्षिण रायगडात महाड, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धनकडे शक्ती-तुरा आहे. एक फड शक्तीची बाजू घेतो, दुसरा शिवाची. गण आणि गवळण झाली की सवाल-जवाब सुरू होतात. समोरच्या शाहिराने पुराणातला पेच टाकला की त्याला छंदात आणि चालीत उत्तर द्यायचे असते, तेही नाचणाऱ्यांचे चाळ थांबायच्या आत. सगळी उत्तरे पाठच असतात, असे म्हणणारे भेटतात. पण ठेवणीतले तुकडे नसलेला उत्स्फूर्त कलावंत जगात कुठेच सापडणार नाही. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या अनपढ शाहिरांचा अभ्यास केला. हजारो ओळींची वीरकाव्ये हे गायक पाठ म्हणत नाहीत, ठेवणीतल्या पदबंधांच्या आधारे गाता गाता रचतात, असे त्यांनी दाखवले. रागात स्वरवाक्ये ठरलेली असतात, म्हणून ख्याल गाणाऱ्याला आपण पाठांतर करणारा म्हणत नाही. शक्ती-तुऱ्याच्या शाहिराला म्हणतो, कारण तो गोधडीवर बसलेल्या लोकांपुढे गातो.

धवलारीण हे याचे आणखी बोलके उदाहरण. आगरी-कोळी लग्नात विधी चालवणारी ही बाई धवले गाते. विधींचा क्रम तिला मोडता येत नाही, पण घरातल्या माणसांची नावे, त्यांची नाती, कोण हयात आहे, कोणाचा मान आधी, हे सगळे ती गाण्यात त्याच वेळी ओवते. वऱ्हाड उशिरा आले तर धवला लांबतो, मुहूर्त जवळ आला तर आखडतो. तिचे धवले पुस्तकात छापता येतील. कुणाच्या घरात कोणते नाव घ्यायचे नाही, हे तिचे ज्ञान मात्र पुस्तकात उतरणार नाही.

२. जागा गेली की काय होते

इथपर्यंत मान्य असेल तर पुढची पायरी येते. हा निर्णय घ्यायला माणूस शिकतो कुठे? वर्गात नक्कीच नाही. बुवाच्या मागे झील धरत, रात्री-अपरात्रीचे पहारे करत, एखादा अभंग भर मंडपात फसल्यावर तो सावरताना तो शिकतो. चुकायला वाव देणारी, चूक ओळखणारी आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणारी माणसे समोर लागतात. गावचे देऊळ, वरसोलीच्या विठोबाची जत्रा, चौलची दत्ताची जत्रा, कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा, लग्नाचा मांडव ही ती ठिकाणे. त्यांना मुंबईच्या रंगमंचाकडे जाणारी खालची पायरी समजणे ही मोठी चूक आहे. पायरी चढून गेल्यावर मागची सोडून देता येते. ही ठिकाणे सोडली तर कलेची जमीनच जाते.

मुंबईच्या जॅझकडे पाहा. १९३० च्या दशकापासून ताजसारख्या हॉटेलांच्या नृत्यदालनांत गोव्याच्या वादकांनी अस्सल उत्स्फूर्त संगीत वाजवले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अंतोनियो शाव्हियेर वाझ त्यांतले मोठे नाव. दारूबंदी आली, रात्रीच्या जलशांचे दिवस बदलले, आणि ही मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात चिक चॉकलेट यांचा वाटा आहे. त्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात. रोज रात्री नव्याने वाजवून दाखवायची ती सवय, आणि तिच्यातून पुढची पिढी घडवणारी जागा, दोन्ही विरली. स्टुडिओत वादकांना पोटभर काम मिळाले, पण ते कागदावर लिहिलेले वाजवण्याचे काम होते.

त्याहून जवळचे उदाहरण याच किनाऱ्याचे आहे. दिवेकर, अष्टमकर, रोहेकर, नवगावकर, पेणकर ही बेने इस्रायल या ज्यू समाजाची आडनावे रायगडच्या गावांवरून आली. या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. पूर्वरंग, आख्यान, पदे, साक्या, दिंड्या असा सगळा थाट मराठी कीर्तनाचा. ती छापलीही गेली. १९४८ नंतर बहुसंख्य समाज इस्रायलला गेला. पुस्तके उरली. पण कीर्तनकार श्रोत्यांचा चेहरा पाहून आख्यान फुलवतो किंवा आवरतो, आणि तो चेहराच समोरून गेला. या कीर्तनपरंपरेची पुस्तकांवरून ओळख होते, ती नेमाने ऐकायला मात्र मिळत नाही. रेकॉर्डिंगवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा. ध्वनिमुद्रण निर्णयाचा एक निकाल साठवते. निर्णय घेणारा माणूस त्यातून तयार होत नाही.

नवी ठिकाणे येत आहेत, हे खरे. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोटसेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि अलिबाग, नागाव, काशीदच्या रिसॉर्टांत शनिवार-रविवारी वादकांना काम मिळू लागले. ते मिळावे, वाढावेही. पण पाहुणे दर आठवड्याला नवे, फर्माइशी त्याच. तिथे आवाज जेवणाच्या टेबलांच्या खाली ठेवायचा असतो, आणि कुणी ‘बुवा, गेल्या वर्षीची गौळण यापेक्षा चांगली झाली होती’ असे म्हणणारे नसते. रिसॉर्ट वादकाला पैसे देते. त्याला घडवण्याचे काम गावाच्या जागेलाच करावे लागते, आणि गाव त्याला पैसे देत नाही. आजची अडचण नेमकी इथे आहे.

३. दाम

किनाऱ्यावरचे बहुतेक वादक दुसऱ्या कामावर जगतात. कोणी होडीवर, कोणी वाडीत, कोणी थळ, डोलवी किंवा न्हावा-शेव्याकडे कंत्राटी पाळीत. लग्नाचा मोसम तुळशीच्या लग्नानंतर उघडतो आणि पावसाच्या तोंडाशी मिटतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. म्हणजे होडीवरच्या वादकाच्या दोन्ही कमाया एकाच वेळी थांबतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा महामारीमुळे लग्ने आणि जत्रा आधीच बंद होत्या. वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली, आणि वाजवणाऱ्याच्या घरात भिजलेल्या पखवाजाची पुडी बदलायला पैसे नव्हते. बागेचे पंचनामे होतात. वाद्य हे उत्पन्नाचे साधन आहे, हे आपल्या मनातच नसते, मग पंचनाम्यात ते कुठून येणार?

सप्ताहाच्या किंवा उत्सवाच्या खर्चाची यादी डोळ्यांसमोर आणा. मंडप, रोषणाई, साउंड, जनरेटर, आचारी, भांडी. सगळ्यांना ठरलेली रक्कम, बहुतेकांना आगाऊ इसार. भजन मंडळाला नारळ, शाल आणि जेवण. साउंडवाल्याने फुकट यावे, असे कुणी म्हणत नाही. ज्याचा आवाज त्या साउंडमधून जाणार, त्यानेच तेवढे फुकट यावे, ही रीत आपण सेवा या नावाने चालवली आहे.

सेवा शब्दाबद्दल मला आदर आहे, म्हणून हे स्पष्ट बोलायला हवे. देवळातले वादन बिनमोल असणे ही परंपरा नाही. देवळात वाजवणारा गुरव हा बलुतेदार होता. त्याला सुगीत धान्याचा वाटा मिळे, अनेक ठिकाणी इनाम जमीन असे. गावाने वादनाची किंमत पिकात आणि जमिनीत मोजली होती. बलुतेदारी मोडली ते योग्यच झाले. तिच्यातली जातीची सक्ती कुणालाही परत नको आहे. पण सक्तीबरोबर मोबदलाही गेला, काम तेवढे उरले आणि ते नव्या माणसांच्या अंगावर हौस म्हणून पडले.

४. कायद्याने उशिरा का होईना ओळखले

संगीत म्हणजे लिहिलेले संगीत, हा समज कायद्यातही होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली संगीतकृतीची मूळ व्याख्या छापलेल्या किंवा लेखनात उतरवलेल्या स्वररचनेपुरती होती. ज्या देशाचे बहुतेक संगीत कागदाशिवाय चालते, तिथे ही व्याख्या ३७ वर्षे टिकली. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची अट काढली आणि त्याच दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आणला. गायक, वादक, नर्तक यांच्या प्रत्यक्ष सादरीकरणावर त्यांचा स्वतःचा अधिकार मान्य झाला. त्याची मुदत आता ५० वर्षांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर मानधनाचा हक्कही दिला.

चाल पारंपरिक असेल, अभंग तुकोबांचा असेल, तरी त्या रात्री बुवाने तो ज्या रीतीने गायला, त्या गाण्यावर हक्क बुवाचा आहे. आज मंडपात मोबाइल आणि कॅमेरे लागतात, डबलबारीच्या भजनांचे आणि हळदीचे व्हिडिओ यूट्यूबवर जातात, जाहिरातींचे पैसे वाहिनीवाल्याला मिळतात. मंडळाला विचारलेही जात नाही, आणि विचारायला हवे हे मंडळालाही माहीत नसते. आयत्या वेळी केलेल्या कामाला मोल असते, हे कायदा मान्य करून बसला आहे. मागे राहिलो आहोत ते आपण.

५. आक्षेप

पहिला आक्षेप भक्तीचा. पैसा आला की भाव जातो, असे म्हणतात. कीर्तनकाराला बिदागी देताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही, पुरोहिताला दक्षिणा देतानाही नाही. ज्याला खरोखर फुकट गायचे आहे त्याने मिळालेले पाकीट देवापुढे ठेवावे. तो निर्णय त्याचा असू द्या, कमिटीचा नको. कंत्राटी पाळी बुडवून पहाऱ्याला येणाऱ्या पखवाज्याचा भाव त्या बुडालेल्या रोजातच दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांनाच डीजे हवा आहे. हवा आहे, हे मान्य. पण हळदीत डीजे आणि बेंजो दोन्ही असतात तिथे रिंगण कशाभोवती जमते ते पाहावे. डीजेपुढे माणसे गाण्यामागे जातात, बेंजोपुढे गाणे माणसांमागे येते. हा फरक नाचणाऱ्यांना शब्दांत सांगता येत नसेल, पायांना कळतो. डीजेची पसंती पुष्कळदा आवाजाच्या आणि भपक्याच्या चढाओढीतून येते, आणि ती चढाओढ घरमालकाला कर्जात घालते.

तिसरा, रात्री दहाच्या नियमाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पुढे वाद्यांचाही त्यात समावेश झाला, आणि सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. काही मंडळींना वाटते, हा नियमच आपल्या संगीताचा मारेकरी आहे. मला तसे वाटत नाही. आजारी माणसाची झोप आणि लहान मुलांचे कान यांचा हक्क मोठा आहे. मात्र नियम बंद सभागृहांना वगळतो. परिणाम असा, की रिसॉर्टच्या बँक्वेट हॉलमध्ये रात्री बारालाही वाजते आणि गावच्या उघड्या मंडपातला पहारा दहाला मुका होतो. उपाय नियम ढिला करण्यात नाही. गावाला भिंती आणि दारे असलेले, आवाज आत ठेवणारे सभागृह मिळण्यात आहे. जून २०२२ मध्ये अलिबागचे पीएनपी नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा जिल्हा हळहळला, आणि ते रास्तच होते. तितकीच कळकळ गळक्या पत्र्याच्या समाजमंदिराबद्दल वाटली पाहिजे, कारण नाट्यगृहात पोहोचणारा कलावंत त्याच पत्र्याखाली तयार होतो.

सरकार पेन्शन देते की, असेही कुणी म्हणेल. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन योजना आहे, तिचे मानधन आता महिना ५००० रुपये झाले आहे. ज्येष्ठांना ते मिळालेच पाहिजे. पण ही योजना माणसाने आयुष्यभर वाजवून झाल्यावर सुरू होते. पंचविशीतला पखवाजी पाळी सोडायची की पखवाज सोडायचा, या प्रश्नापुढे उभा असतो, तेव्हा त्याच्या हातात काहीच नसते.

६. करायचे काय

मोठ्या योजनांची वाट न पाहता गाव करू शकेल अशा गोष्टी आहेत. उत्सवाच्या अंदाजपत्रकात मंडळाचे मानधन, प्रवासखर्च आणि वाद्यदुरुस्ती यांची स्वतंत्र ओळ असावी. रक्कम लहान असली तरी चालेल, ती आधी ठरलेली आणि लिहिलेली असावी. सप्ताहातला एक पहारा, तोही गर्दीच्या वेळचा, विशीच्या आतल्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा. मुली हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. पखवाज त्यांच्या हातात देणारी मंडळे अजून फार कमी आहेत. चित्रीकरण करणाऱ्याकडून मंडळाच्या नावाचा उल्लेख आणि उत्पन्नातला वाटा लेखी घ्यावा. ग्रामपंचायतीने समाजमंदिर बांधताना किंवा दुरुस्त करताना छताबरोबर आवाजाचाही विचार करावा. लग्नघराने धवलारणीला आणि बेंजोवाल्याला ठरलेले पैसे त्याच रात्री द्यावेत. दुसऱ्या दिवशी बघू म्हणत टाळलेले पैसे बरेचदा मिळत नाहीत, हे किनाऱ्यावरचा प्रत्येक वादक सांगेल.

तुमच्या गावच्या उत्सवाची पुढची बैठक होईल तेव्हा खर्चाची यादी मागून घ्या. मंडप आणि साउंडच्या खाली वाजवणाऱ्यांची ओळ आहे का ते बघा. नसेल तर बैठक संपायच्या आत ती लिहून घ्या.